जमूद, जडत्व आणि इनर्शिया

आम्ही नांदेडला उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आमची शाळा उर्दूत झाली, बी.एस्सी. इंग्रजीत आणि बी.एड. मराठीत. न्यूटनचे तीन नियम असे आम्ही तीन भाषांत तीनदा शिकलो. घरी आम्ही दखनी बोलतो. त्या भाषेत मात्र ते कुणी कधी शिकवले नाहीत.

आमच्या समाजात आणि समाजाबाहेरही एक वाक्य नेहमी ऐकू येतं. उर्दूत शिकलेली मुलं विज्ञानात टिकत नाहीत, कारण उर्दूत विज्ञान नाही. यातला दुसरा भाग इतिहासाला धरून नाही. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात १९१७ साली हैदराबादेत दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतराचं खातं सुरू झालं. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथं भौतिकशास्त्रासकट सारे विषय उर्दूतून शिकवले जाऊ लागले. नवे शब्द कसे घडवावेत यावर वहीदुद्दीन सलीम यांनी लिहिलेला ‘वज़ए इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ साली निघाला, तोही औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून. त्वरणाला इसराअ, ऊर्जेला तवानाई, वस्तुमानाला कमियत हे शब्द आमच्याकडे आहेत. शब्दांची टंचाई नाही. अडचण दुसरीच आहे.

जडत्वाला उर्दूत ‘जमूद’ म्हणतात. हा शब्द मुलांनी जलशात, तकरिरीत ऐकलेला असतो. कौमवर जमूद आलंय, म्हणजे सगळं ठप्प झालंय. त्यामुळे थांबलेल्या वस्तूलाच जमूद असतं, अशी त्यांची समजूत होते. मराठी मुलाला ‘जडत्व’ ऐकून ‘जड’ आठवतं. इंग्रजी ‘इनर्शिया’च्या मुळाशी लॅटिनमधला आळस आहे. हा शब्द भौतिकशास्त्रात आणणाऱ्या केप्लरलाही वस्तूचा जागचं न हलण्याचा कलच अभिप्रेत होता. चालत्या वस्तूचं तसंच चालत राहणं हेही त्याच गुणात मोडतं, ते १६८७ साली न्यूटनच्या ग्रंथात स्पष्ट झालं. तिन्ही भाषांतला शब्द अर्धी गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी शिक्षकाने सांगायची असते.

वर्गात आम्ही एस.टी.चं उदाहरण घेतो. ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे का जातात? उत्तर ठरलेलं असतं. “सर, ब्रेक ने सामने धकेल्या.” आम्ही विचारतो, “पीछे किसका हात था?” वर्ग गप्प होतो. ती शांतता आम्हाला आवडते, कारण विचार तिथून सुरू होतो.

दुसरा प्रश्न नाण्याचा. नाणं वर फेकलं. हातातून सुटून ते वर जात असताना त्याच्यावर कोणतं बल आहे? हवेचा विरोध धरायचा नाही. बहुतेक मुलं म्हणतात, वर नेणारं. आमच्या एका मित्राने हाच प्रश्न मराठी शाळेत विचारला, दुसऱ्याने इंग्रजी शाळेत. उत्तर तेच आलं. खरं तर त्या वेळी नाण्यावर फक्त खाली ओढणारं गुरुत्वबल असतं. १९८५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हल्लून आणि हेस्टेन्स या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अशा समजुती तपासल्या. नेहमीच्या पद्धतीने शिकवून त्यांत फारसा फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे चुकीच्या समजुतीला माध्यम नसतं. उर्दूच्या मुलाला या समजुतीवर आणखी एक ओझं असतं, भाषा बदलण्याचं.

हे ओझं किती असतं, ते एका मुलीमुळे कळलं. वडील रिक्षा चालवतात. दहावीला ती विज्ञानात वर्गात पहिली. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून वडिलांनी तिला अकरावीला लातूरला धाडलं. ती खालाच्या घरी राहिली. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, कमियत कब आती? तीन महिने से पूरा मासइच चल रहा.” मास म्हणजेच कमियत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उजवीकडून डावीकडे वाचणारे तिचे डोळे आता पूर्ण पान उलट्या दिशेने वाचत होते. वडिलांनी हळूच विचारलं, “सर, आर्ट्स में डाल दूं क्या?” आर्ट्स वाईट नाही. पण आमच्या मोहल्ल्यात परत आलेल्या मुलीसाठी आधी स्थळं येतात, मग प्रवेशाचा अर्ज.

सुट्टीत आम्ही तिच्या वहीत चार रकाने आखले. उर्दू, मराठी, इंग्रजी, आणि चौथा कोरा. चौथ्यात तिने स्वतःच्या दखनीत लिहायचं. तो भरला नाही तर पहिले तीन फुकट. मग लातूरचंच गणित घातलं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास हजार किलो कमियत. तिचं वजन सुमारे ४,९०,००० न्यूटन. ते वजन रूळ पेलतात. आता घर्षण मुळीच नाही असं धर. तरी हिला वेग द्यायला एवढा जोर का लागतो?

ती बराच वेळ बसून राहिली. मग चौथ्या रकान्यात लिहिलं, “वजन पटरी ने उठा ली, कमियत कोई नै उठाया. चलने लगी तो रोकने कू भी वोइच अडती.”

जमूद याहून नेमकं आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

वडिलांनी शाखा बदलली नाही. मुलगी बारावी झाली. मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा शेजारी म्हणाले, फिर फायदा क्या? ती आज नांदेडला बी.एस्सी. करते आणि मोहल्ल्यातल्या मुलींना चार रकान्यांची वही आखून देते.

सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर २०१८ पासून नीटची प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळू लागली. चांगलं झालं. पण दोन वर्षं इंग्रजीत शिकलेली मुलगी शेवटच्या दिवशी उर्दू पेपर कशी घेईल? पूल मधेच हवा. आमच्या शाळांनी आठवीपासून प्रत्येक संज्ञेचे तिन्ही शब्द द्यावेत. कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांनी पहिले पंधरा दिवस एवढंच विचारावं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? आणि आईवडिलांनी दिवाळीत निकाल लावू नये. भाषा बदलायला काही महिने लागतात. तेवढ्यासाठी विषय बदलू नये.