लसूण सोलताना ऐकलेलं नाटक

सहा वर्षांनी पुन्हा लिहायला बसले. मधली वर्षं मुलाची दहावी-बारावी, सासूबाईंचा काचबिंदू आणि खरं सांगायचं तर थोडा आळस, यात गेली. यंदा नोएडातल्या आमच्या गणेशोत्सवासाठी कोणीतरी म्हणालं, "तुम्ही पूर्वी एकपात्री करायचात ना, या वर्षी होऊन जाऊ दे." मी आठवड्यात लिहून काढलं. विषय, नजर जात चाललेली एक म्हातारी बाई. म्हणजे आमच्या आईच. लपवणार कशी?

पहिलं वाचन स्वयंपाकघरात झालं. आई लसूण सोलत बसल्या होत्या. मी अगदी गळा भरून वाचत होते. अंधार, उसासे, खिडकीत बसून सरणारा दिवस. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "छान आहे गं. पण मी एवढी बिचारी आहे का? आणि खिडकीत कधी बसते मी?"

मला राग आला. एवढं मन लावून लिहिलं आणि वर हे! पण रात्री झोप लागेना. तेव्हा सई परांजपे यांचा 'स्पर्श' आठवला.

नाटकाच्या निमित्ताने मंडी हाउसला मेट्रोतून उतरलं की मला नेहमीच त्या आठवतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून त्या 1963 साली बाहेर पडल्या आणि पुढे दिल्ली दूरदर्शनवर काम करू लागल्या. 1972 पर्यंत देशात दूरदर्शनचं केंद्र एकट्या दिल्लीतच होतं. त्यांचं 'मुलांचा मेवा' हे पुस्तक मात्र त्या आठ वर्षांच्या असतानाच छापून आलं होतं! आपण त्या वयात पाढे पाठ करत होतो. 'धुआँ धुआँ' ही त्यांची टीव्हीसाठीची कथा पुढे 'चश्मे बद्दूर' झाली, म्हणजे लिहिलेलं पुन्हा उकलून शिवायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

'स्पर्श' 1980 चा. दिल्लीतल्याच एका अंधशाळेत चित्रित झालेला. नसीरुद्दीन शाह यांचे मुख्याध्यापक कुणाची दया सहन करत नाहीत. जी बाई प्रेमाने मदतीला येते, तिच्याशीही ते त्यावरून अडतात. सिनेमाला त्या वर्षी पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो कॉलेजात असताना पाहिला होता, रडलेही होते. आणि तरी घरातल्या माणसावर लिहायला बसले तेव्हा नेमकी दयाच लिहिली.

घरची माणसं कलेत आणणं अवघडच. सईताई आणि अरुण जोगळेकर यांचा संसार फार टिकला नाही, तरी त्यानंतर ते त्यांच्या 'स्पर्श'मध्ये आणि 'कथा'मध्येही होते. एवढा मोकळेपणा माझ्यात नाही. मी तर सासूबाईंच्या एका वाक्याने फुगून बसले होते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि फक्त पाहिलं. दूध वर येण्याआधी त्या आवाजावरून गॅस बंद करतात. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला चालीवरून ओळखतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा दुखतोय हे त्या काकूंच्या आधी सांगतात. एकदा मीठ दोनदा पडलं, तर मलाच रागावल्या, की डब्याची जागा का बदललीस?

उसासे सगळे काढले. खिडकी काढली. आता ती बाई लसूण सोलत बोलते आणि लोकांना चिडवते. नाटक आधीपेक्षा लहान झालंय. शेवट अजून जमलेला नाही, परवापर्यंत जमवायचाय.

आई पहिल्या रांगेत बसणार आहेत. रंगमंचावर लसूण खराच हवा, असं बजावलंय. "नुसते हात हलवलेस तर मला ऐकू येईल," म्हणाल्या.