गळतीचा शोध

मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या मालकास दोन पंथांचे लोक भेटू लागतात. एक, ती विकून टाका म्हणणारे. आणि दुसरे, तीत रोज थोडे पाणी ओतून दिवस काढा म्हणणारे. पहिल्यांशी आमचे फारसे भांडण नाही. पंधरा वर्षे उलटली की खासगी मोटारीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, पर्यावरणाचा कर भरावा लागतो, आणि सुट्या भागांसाठी दुकानोदुकान हिंडावे लागते ते निराळेच. आमचा वाद आहे तो दुसऱ्या पंथाशी. हा पंथ मोठा आहे आणि जुनाही आहे. डिकीत पाण्याचा डबा बाळगावा, घाटाच्या माथ्यावर बॉनेट उघडून मोटार उभी करावी, आणि वाफ ओसरली की डबा रिकामा करावा, हा प्रकार बोरघाटात किंवा खंबाटकीत एके काळी इतका नित्याचा होता की, वाटेत पाणी पिणे हा मोटारीचा स्वभावच समजला जाई.

वस्तुतः हे पाणी संपावयाचे काही कारण नसते. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तीपैकी स्थूलमानाने चौथा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेलीपैकी पुष्कळशी धुराबरोबर निघून जाते, आणि जवळजवळ तितकीच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. हे पाणी पंपाने इंजिनात जाते, तेथून रेडिएटरमध्ये येऊन निवते व पुन्हा पंपाकडे जाते. वाट चोहोंकडून बंद; तीत रेडिएटरचे झाकण स्प्रिंगच्या जोराने दाब राखते, म्हणून आतील द्रव १०० अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळू लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाची किंमत कळते. गळतीतून पाणी जाते तसा हा दाबही जातो. आणि तो काही डब्यातून परत ओतता येत नाही.

शिवाय आत असते ते निव्वळ पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल मिसळलेले असते. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, तेव्हा ही चैन कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यातील औषधांमुळे धातू गंजत नाही, आणि उकळण्याची मर्यादाही चढते. रोज तांब्याभर बोअरचे पाणी ओतणारा मनुष्य हे औषध पातळ करीत असतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचे थर बसवीत असतो.

आमची मोटार १९९६ सालची. गेल्या उन्हाळ्यात तिच्याखाली हिरवट थेंब दिसू लागले. शेजारचे अण्णा म्हणाले, “अहो, रोज दोन तांबे पाणी घालीत जा, एवढे काय मनावर घेता!” आम्ही मनावर घेतले त्याचे कारण निराळे होते. आमच्या आळीतील एक तांबूस कुत्री भर दुपारी त्याच मोटारीखाली निजत असे, आणि तिच्यामागे तिची तीन पिले असत. ग्लायकॉल चवीला गोड असते, आणि थोडेसे पोटात गेले तरी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करून जीव घेते. कुत्री कोणाच्याच मालकीची नव्हती, म्हणजे ती मेली असती तरी कोणी आमच्या दारी विचारावयास आले नसते. आम्ही ती जागा भरपूर पाण्याने धुऊन काढली आणि दुरुस्ती होईपर्यंत मोटार फाटक लावता येईल अशा बोळात नेऊन ठेवली. पिलांनी त्या दिवसापासून आमच्या पायरीवर ठाण मांडले, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या गॅरेजात आम्हांस हळद सुचविण्यात आली. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती भिजून फुगते व भोक बुजविते, हा उपाय आपल्याकडील ड्रायव्हर मंडळींत सर्वश्रुत आहे. रानात मोटार अडली असता पुढील गाव गाठण्यापुरता तो चालेलही. पण गळतीचे भोक कोणते आणि रेडिएटरची नळी कोणती, हे त्या बिचाऱ्या हळदीला कसे कळावे? ती दोन्ही बुजविते.

मग एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिल्या दिवशी हत्यारास हातच लावला नाही. “साहेब, रात्री खाली वर्तमानपत्र पसरा. गार इंजिन घेऊन सकाळी या, आणि कागदही आणा,” एवढेच सांगितले. त्याप्रमाणे सकाळी कागद नेला तो अग्रलेखाच्या ऐन मध्यावर हिरवा डाग घेऊन. (त्या अग्रलेखात ओलावा एवढाच होता.) मिस्त्रींनी प्रथम तेलाचे झाकण उघडून पाहिले. तेथे ताकासारखा फेस असता तर पाणी इंजिनाच्या पोटातच झिरपते आहे असे ठरले असते, तसे नव्हते. मग त्यांनी सारे अंग फडक्याने कोरडे पुसले, सांध्यांवर खडूची पूड भुरभुरली, आणि रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला. थेंब पडतो तेथे उगम नसतो. तो पट्ट्याच्या, बोल्टांच्या कडेकडेने सरकत येतो. पुडीवर ओली रेघ उमटली, आणि ती पाण्याच्या पंपाखालील एका लहानशा छिद्रापाशी जाऊन थांबली.

हे छिद्र कारखान्यातूनच पाडलेले असते. पंपाच्या दांड्यावर पाणी अडविणारे सील असते, व त्यापलीकडे बेअरिंग. सील झिजले म्हणजे पाणी बेअरिंगवर जाऊन ग्रीस धुऊन नेण्याआधी बाहेर पडावे, एवढ्यासाठी ही वाट. काही ठिकाणी ती मसाला भरून बुजवून देतात. गिऱ्हाईक खूष होऊन जाते. पुढे बेअरिंग जाते, पंखा डगमगतो, आणि एखाद्या घाटात हेड वाकून गॅस्केट जळते.

मिस्त्रींनी जुने हिरवे पाणी घमेल्यात धरून बंद डब्यात भरले, गटारात सोडले नाही. पंप नवा बसविला. फुगलेली खालची रबरी नळीही बदलली. जुना पंप आमच्या हाती देऊन दांडा हलवावयास सांगितले. तो किंचित खुळखुळत होता. नव्या पंपाचे छिद्र मोकळे आहे ना, हे त्यांनी हाताखालच्या पोराला बारीक तार घालून पाहावयास लाविले, आणि मगच पट्टा चढविला.