चाके टेकल्यानंतर

विमानाचा अपघात म्हटला की डोळ्यांपुढे आकाश येते. परंतु जुन्या घडणीच्या छोट्या विमानाला मोठा धोका असतो तो जमिनीवर, चाके टेकल्यानंतर.

आमच्या नातवाला अशा विमानांचा भारी नाद. गेल्या वर्षी परदेशी शिकत असताना त्याने विमान अलगद टेकवले, आणि दुसऱ्याच क्षणी ते गर्रकन फिरले. पंख जमिनीला घासून मोडला. माणसे देवाच्या कृपेने सुखरूप राहिली. तो जुरोंग ईस्टला घरी परतला तेव्हा सूनबाईंनी बजावले, "आता हे खूळ पुरे!" त्याला मात्र एकच कोडे पडले होते : उतरलेले विमान हातचे गेले कसे?

आम्ही उभयतांनी त्याला येथल्या बाजारातली सामानाची ढकलगाडी दाखवली. तिची पुढची चाके फिरती, मागची ठाम. नीट ढकलून सोडली तर ती सरळ जाते. उलटी सोडली तर जरा तिरकी होताच स्वतःभोवती फिरते. या विमानांचेही तसेच. मोठी दोन चाके पुढे, लहान चाक शेपटीखाली आणि वजनाचा भार मोठ्या चाकांच्या मागे. नाक किंचित वळले की मागचा भार त्याला आणखी वळवतो. त्यातच वेग उतरला की सुकाणूचा जोर कमी होतो. आडवा वारा असला तर विचारूच नका. म्हणून तर सिंगापूरच्या कलांग विमानतळाचे मैदान १९३७ साली गोलाकार केले होते. वारा असेल तिकडे तोंड करून उतरता येई.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहू गाठले, ते अशाच शेपटीवर टेकणाऱ्या पस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. तेव्हा ही विमाने वाईट नव्हेत. त्यांना शेवटपर्यंत लक्ष हवे असते, इतकेच.

हे सूनबाईंनाही पटले. परवानगी मिळाली, पण एका अटीवर : विमान पुरते थांबेपर्यंत पाय पेडलवरून काढायचे नाहीत.

वाचकहो, आपण परमुलखात स्थिरावलेली माणसे. पोहोचणे निराळे आणि थांबणे निराळे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.