मीठ खाल्लेला सरदार

कथा-कादंबऱ्यांतील खलपुरुष बहुधा मोठ्याने बोलतो. त्याच्या क्रोधाची, वासनेची, सूडाची चाहूल वाचकाला आधीच लागते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या महाकथेतील सरदार रूस बोल्टन मात्र इतक्या हळू आवाजात बोलतो की, त्याचे शब्द कानी पडावेत म्हणून इतरांना गप्प व्हावे लागते. डोळे फिकट, चेहरा निर्विकार, खाणेपिणे बेताचे. प्रकृतीसाठी तो अंगाला जळवा लावून घेतो. त्याच्या घराण्याचे चिन्ह आहे कातडी सोललेला मनुष्य.

आमच्या धर्मग्रामातील युवक या कथेवरील दूरचित्रवाणी मालिकेविषयी बोलू लागले, तेव्हा आम्ही मूळ ग्रंथ हाती घेतले. (त्यांत बीभत्स आणि कामुक भाग पुष्कळ आहे, कोवळ्या मुलांच्या हाती ते देऊ नयेत, हे आईबापांनी ध्यानी ठेवावे.) मार्टिन 1948 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जन्मले आणि कॅथॉलिक घरात वाढले. पुढे ते श्रद्धेपासून दुरावले; परंतु भाकरीचे मोल ते विसरले नसावेत, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या ग्रंथातील लग्नप्रसंग वाचताना आम्हांस सारखे वाटत राहिले.

प्रसंग असा. तरुण राजा रॉब स्टार्क याने वॉल्डर फ्रे या वृद्ध सरदाराच्या मुलीशी लग्न करण्याचे वचन मोडलेले असते. त्याची भरपाई म्हणून राजाचा मामा फ्रे घराण्यातील मुलीशी विवाह करतो. यजमानाच्या गढीत पाऊल ठेवताच राजाची आई कॅटलिन भाकर आणि मीठ मागावयास लावते. त्या देशीचा नियमच तसा: एकदा पाहुण्याने यजमानाचे अन्नमीठ खाल्ले की, दोघांनीही एकमेकांच्या जिवाला धक्का लावावयाचा नाही. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हे आपल्या मराठी माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. मेजवानी चालू असता बोल्टन काहीतरी पुटपुटून उठून जातो. मग वाद्यवृंदाच्या सज्जातून बाण सुटू लागतात, आणि बोल्टन चिलखत घालून परत येतो तो स्वतःच्या राजाच्या छातीत तलवार खुपसण्यासाठीच.

फ्रेचा अपमान झाला होता. त्याचा सूड निंद्य असला तरी समजतो. बोल्टनचा कोणीही अपमान केलेला नव्हता. राजाने त्याच्यावर सैन्य सोपविले होते. त्याने केवळ हिशेब मांडला: हा पक्ष हरणार, तेव्हा दुसरीकडे जावे. फ्रेच्या कुळातील मुलीशी त्याने लग्न केले होते तेही हुंड्यात वधूच्या वजनाइतकी चांदी मिळणार म्हणून! ही चांदी वाचताना आम्हांस दुसरी तीस नाणी आठवली.

हा प्रसंग मार्टिन यांनी स्कॉटलंडच्या इतिहासावरून घेतला. 1440 साली एडिंबरोच्या किल्ल्यात भोजनास बोलावलेल्या तरुण डग्लस उमरावाचा भावासह शिरच्छेद झाला. 1692 च्या फेब्रुवारीत ग्लेन्को येथे सैनिकांनी सुमारे बारा दिवस मॅकडोनल्ड कुळाच्या घरी पाहुणचार घेतला आणि मग पहाटे त्याच यजमानांना ठार केले.

याहून जुने उदाहरण दान्तेने दिले आहे, आणि ते आम्हा झगेवाल्यांना अधिक झोंबणारे आहे. फाएन्झाचा आल्बेरिगो हा एका धार्मिक बंधुसंघाचा सभासद. 1285 साली त्याने नातलगांना जेवावयास बोलाविले आणि 'फळे आणा' या खुणेवर मारेकऱ्यांकडून त्यांचा वध करविला. दान्तेने त्याला नरकाच्या गोठलेल्या तळाशी ठेवले. तिथे अश्रूही डोळ्यांवरच गोठतात. भयंकर गोष्ट पुढेच आहे: पाहुण्यांशी दगा करणाऱ्याचा आत्मा त्याच क्षणी खाली जातो, आणि पृथ्वीवर त्याचे शरीर सैतान वागवीत राहतो, असे दान्ते म्हणतो.

एका युवकाने आम्हांस विचारले होते, "फादर, यहुदाने निदान पैसे परत केले. ह्या बोल्टनला तर काहीच वाटत नाही. हा माणूस तरी आहे का?" दान्तेचे उत्तर आम्हांस ठाऊक होते. कवी म्हणून त्याला आमचा दंडवत. परंतु पापनिवेदनाच्या पेटीत बसणाऱ्याला ते उत्तर देता येत नाही. अखेरच्या श्वासापर्यंत दार उघडे असते, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दगा माहीत असूनही प्रभूने यहुदाला भाकरीचा तुकडा दिला, आणि बागेत तो आला तेव्हाही त्याला मित्र म्हणूनच हाक मारली. आम्ही त्या मुलाला म्हणालो, "माणूसच आहे, बाळा, म्हणून तर भीती वाटते." त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मालिकेत 2016 साली बोल्टनचा स्वतःचाच मुलगा त्याला भोसकतो. ते आम्हांस घाईचे वाटले. 2011 च्या पाचव्या ग्रंथात तो विंटरफेलच्या गढीत धनी होऊन बसलेला आहे. बाहेर बर्फ पडते आहे. पुन्हा लग्न, पुन्हा मेजवानी. समोर बसलेल्या लठ्ठ मँडर्ली सरदाराचा मुलगा त्या जुन्या लग्नात मारला गेलेला असतो. बोल्टनच्या पुढ्यात अन्न येते, मद्य येते. मँडर्लीने त्याच ताटातले खाल्ल्याशिवाय तो घास उचलत नाही, आणि त्याच सुरईतले प्याल्याशिवाय पेला तोंडाला लावीत नाही.