गोगलगायी फोडणारा बंड्या

न्यू जर्सीत एडिसनमधल्या एका मराठी घरात बंड्या आला तो गळाला लागून. जूनमधली दुपार, जवळच्या तळ्याचा काठ, पोराच्या हातात साधी काठी आणि आमिषाला गांडुळाचा तुकडा. तळहाताएवढा पम्पकिनसीड मासा फडफडत वर आला. पोट नारिंगी, गालांवर निळ्या नागमोडी रेघा, कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला शेंदरी ठिपका. पाठीवरचे दहा-अकरा काटे टोचतात, म्हणून पोराने ओला हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत ते दाबले आणि मगच गळ काढला.

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या तळ्यांत हा मासा इतका सर्रास सापडतो की मोठ्या बास माशाच्या मागे लागलेले गळवाले त्याला खिजगणतीतही धरत नाहीत. त्यांनी बंड्याला जेवताना पाहायला हवं होतं.

त्याला 55 गॅलनची, म्हणजे सुमारे 200 लिटरची टाकी मिळाली. थंड पाण्याचा मासा, त्यामुळे हीटर लागला नाही. फिल्टर मात्र दणकट लागला. कोरड्या खाण्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग टाकीत पाणगोगलगायी सोडल्या. बंड्या तिरका होऊन एकीवर डोळा ठेवायचा, झटक्यात ती आत ओढायचा, गळा दोन-तीनदा हलायचा आणि शंखाचे तुकडे तोंडातून बाहेर पडायचे. या माशाच्या घशात जाड, बोथट दात असतात. मिशिगनमधल्या ज्या तळ्यांत गोगलगायी मुबलक, तिथल्या पम्पकिनसीडचे घशाचे स्नायूही अधिक मोठे असल्याचं संशोधकांना आढळलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात बंड्याने शेपटीने वाळू उडवून ताटलीसारखा खळगा केला. आईने हौसेने लावलेल्या पाणवनस्पती मुळासकट वर आल्या. मादी नव्हती, तरी काच पुसायला आत गेलेल्या हातावर तो तुटून पडायचा. तळ्यात नर उथळ पाण्यात असंच घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण करणं, पंखांनी पाणी खेळतं ठेवणं, भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून परत आणणं, हे सगळं नराकडे. अशाच घरट्यावरच्या माशांना आपण हाताने कुरवाळल्याचं अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोने 1849च्या पुस्तकात लिहिलं आहे.

पोरगा कॉलेजला गेला, तेव्हा कुणी म्हणालं, ‘सोडून द्या ना नदीत.’ आईने साफ नकार दिला आणि बंड्या शेवटपर्यंत त्याच टाकीत राहिला. तिचंच बरोबर होतं. टाकीतले रोग पाण्यात पसरतात आणि परक्या ठिकाणी सोडलेला मासा तिथल्या जिवांवर उठतो. शोभेसाठी युरोपात नेलेला हाच पम्पकिनसीड 2019 मध्ये युरोपीय संघाच्या घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत गेला. आपल्याकडे उजनी धरणात टाक्यांमधला सकर मासा मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. मासा सांभाळणं जमेनासं झालं, तर तो दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्या. ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडू नका.