राघू पाळू नये, असं मला आता वाटतं

"आपल्याच देशात आपलाच राघू पाळायला बंदी, हा कसला कायदा?" हे वाक्य मी वर्षानुवर्षं तावातावानं बोलत आले. घरी, शेजारी, लग्नाच्या पंगतीत, विषय निघाला की बोललेच. आज बोलत नाही. माझं मत बदललं आहे, आणि ते कसं बदललं हे सांगावंसं वाटतं, कारण आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंब-माढ्याकडे बहुतेकांचं मत माझ्या जुन्या मतासारखंच आहे. त्या मतात काही दम नाही, असं मी आजही म्हणणार नाही.

जुन्या मताची मुळं घरातच होती. माझ्या आत्याकडे पडवीत पिंजरा होता आणि त्यातला राघू "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचा. पंढरपूर आम्हाला जवळ, वारीच्या दिवसांत घरी पाहुण्यांचा राबता, आणि येणारा प्रत्येक जण आधी त्या राघूशी बोलायचा. ओव्यांत राघू, भरतकामात राघू, लेकीला लाडानं मैना नि लेकाला राघू. जे इतकं आपलं आहे ते घरात ठेवणं हा गुन्हा कसा, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्यात कायद्याची दुसरी बाजू कळली तेव्हा तर संताप झाला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे 1991 ची दुरुस्ती यांनी देशी पक्ष्यांचा व्यापार बंद केला. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि त्या कायद्याच्या नव्या मांडणीत राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पाळला तर दंड, तुरुंगवासाचीही तरतूद. पण दक्षिण अमेरिकेतला मकाव किंवा आफ्रिकेतला राखाडी पोपट आणायचा, तर 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद करायची आणि ठेवायचा. ऑस्ट्रेलियातले बजरीगर तर लव्हबर्ड म्हणून दुकानात टांगलेलेच असतात. परक्याला घरात जागा आणि आपल्याला मज्जाव, असं मी म्हणायचे, आणि ऐकणारा मान डोलवायचा.

आमच्या भागाचा वन्यजीव कायद्यावरचा राग राघूपुरता नव्हता, हेही सांगायला हवं. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा, आमचा माढा तालुका आणि नगर जिल्ह्यातलेही काही तालुके. म्हणजे चालू शेती, वस्त्या, रस्ते सगळं अभयारण्यात. जमिनीचा व्यवहार करायचा तर परवानगीच्या फेऱ्या. 2012 मध्ये ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर एका पिढीच्या मनात पक्षी म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा, हे पक्कं बसलं होतं. माझ्याही मनात बसलं होतं.

आणि राघू तर शेतकऱ्याचं नुकसान करतोच. मोडनिंबच्या बाजारात हिवाळ्यात बोरांची आवक होते. ज्यांच्या बागा आहेत त्यांना विचारा. थवा येतो तो ओरडतच येतो. एक राघू बोराला चोच लावतो, एक लचका तोडतो, बोर खाली टाकतो आणि दुसऱ्यावर जातो. डाळिंबाचं तसंच. खाल्लेलं थोडं, नासलेलं फार. ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफण चालवताना, डबा बडवताना घसा बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांना राघूच्या स्वातंत्र्याचं कौतुक शिकवायला जाणं मला आजही पटत नाही.

मग बदललं काय?

एक तर मी ढोली पाहिली. ओढ्याकाठच्या जुन्या झाडात वरच्या अंगाला राघूची ढोली होती. वर चढलेल्या पोरानं हात घालून पिल्लं काढली. अंगावर धड पिसं नाहीत, डोळे नुकते उघडलेले, मान सावरत नाही, चोच मात्र अंगाच्या मानानं मोठी. बुटाच्या खोक्यात ती एकमेकांवर कलंडत होती आणि नर-मादी वरच्या फांदीवर ओरडत होती. ती पिल्लं विकायला नेणार होते. त्यातली किती जगतात, हे त्या पोरालाच विचारलं. "एखाददुसरं," तो म्हणाला, आणि त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आत्याच्या पडवीतला राघू असाच कुठल्या तरी खोक्यातून आलेला असणार, हा विचार त्याआधी मला कधी शिवलाच नव्हता. विठ्ठलनामामागे ते खोकं होतं.

दुसरी गोष्ट लंडनहून आली. माझी भाची तिथं असते. तिनं रिचमंड पार्कमधला व्हिडिओ पाठवला: ओकच्या झाडावर आपला राघू, तोच गळ्यातला काळा-गुलाबी कंठ, तोच आरडाओरडा. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ती प्रजा, आता हजारोंनी वाढलेली. तिनं लिहिलं, "मावशी, इथं राघू पाळायला परवानगी आहे." मी आधी खूश झाले, माझ्याच बाजूचा पुरावा म्हणून. नंतर विचार करत राहिले. इंग्लंडमध्ये राघू पाळता येतो, कारण तिथं तो बाहेरून आणलेला पक्षी, मालकाची वस्तू. भारतात पाळता येत नाही, कारण इथलं आकाश, इथली झाडं त्याची आहेत. कायदा त्याला आपल्यातून वगळत नव्हता. आपल्यातला मानत होता. ज्याला मी अपमान समजत होते तो खरं तर मान होता.

माळढोकाचाही विचार मग वेगळा झाला. डॉ. सालिम अली यांनी माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असा आग्रह धरला होता. 1963 मध्ये तो मान मोराला मिळाला. ज्या पक्ष्याचं नाव देशाची ओळख म्हणून पुढे आलं होतं तो आमच्या जिल्ह्याचा होता. आज अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर तो दिसला तर बातमी होते. जमिनीच्या अडचणी खऱ्या होत्या, सरकारनं नकाशावर रेघ ओढताना माणसांचा विचार केला नाही हेही खरं. पण पक्षी गेला, आणि त्याचं दुःख आमच्यात फारसं कुणाला झालं नाही, हे मला आता बोचतं. देशाचा अभिमान झेंड्याला सलाम करताना आम्हाला भरभरून वाटतो. माळ, ओढा, ढोली यांच्याबाबत तो वाटत नाही.

कायद्याशी माझं भांडण पूर्ण मिटलेलं नाही. राज्यघटनेच्या 51 क कलमानं 1976 पासून प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. त्यात देशी-परदेशी असा भेद नाही. 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, असं मत नोंदवलं, तेही पासपोर्ट विचारून नव्हे. तेव्हा मकावला कागदावर पिंजरा मंजूर करणं मला चुकीचं वाटतं. पूर्वी मी म्हणायचे, परदेशी चालतो तर देशीही चालू द्या. आता म्हणते, देशी नको तर परदेशीही नको. आणि राघू साऱ्या देशाचा असेल तर त्यानं टाकलेल्या बोरांचा, फोडलेल्या डाळिंबांचा भार एकट्या शेतकऱ्यानं का सोसावा? रानडुकरानं केलेलं नुकसान आणि राघूनं केलेलं नुकसान एकाच मापानं मोजून भरपाई वेळेवर हातात पडली पाहिजे.

वाचकांना एक विनंती. बाजारात कुणी खोक्यात पिल्लं घेऊन आला तर दया म्हणूनसुद्धा विकत घेऊ नका. एक विकलं गेलं की तो पुढच्या ढोलीत हात घालतो. घरात आधीपासून राघू असेल तर त्याला परस्पर शेतात सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला खाणं शोधता येत नाही, कावळे-शिकरे त्याला टिकू देत नाहीत. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि तो त्यांच्या ताब्यात द्या.