डोंगराआधीची तालीम

मैत्रिणींनो, घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल असलं की एक ना एक दिवस हे कानांवर येतंच, "आई, आम्ही सगळे ट्रेकला चाललोय!" आपण पोळी लाटता लाटता थांबतो आणि एका दमात पाच प्रश्न विचारतो. कुठे? कुणाबरोबर? मुक्काम कुठे? परत कधी? मुली किती? उत्तर बहुधा एकच मिळतं, "अगं, होईल सगळं!"

आमच्या बारामतीच्या आळीत दिवाळीनंतर हेच घडलं. गणपतीच्या मंडळातल्या चौदा मुलामुलींनी राजगड ते तोरणा चालत जायचं ठरवलं. पाठीवर सॅक घेऊन राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरायचं आणि डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं. तोरण्याची उंची सुमारे १,४०० मीटर, मधल्या वाटेवर पाण्याची टंचाई. आणि आमची पोरं सपाट मुलखातली! त्यांचा मोठ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. चौदांत पाच मुली होत्या. त्यातल्या तिघींच्या घरून साफ नकार आला.

कॉलेजात असताना मी ती वाट चालले होते, म्हणून पोरं माझ्याकडे आली. "काकू, तुम्ही आयांना समजावा ना!" मी म्हटलं, "मी नाही समजावणार. तुम्ही महिनाभर तयारी करून दाखवा. मग बघू त्या काय म्हणतात ते."

आता तुम्हीच बघा, नियोजन शिकायला आपल्याला लांब कशाला जायला हवं? तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्याच बारामती-इंदापुरातून जाते. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं आणि इंदापूरचं रिंगण आपण कौतुकाने पाहतो. पण दिंडीची व्यवस्था कधी न्याहाळलीत? वीणा कुणाकडे, तुळस कुणाच्या डोक्यावर, पाण्याचा हंडा कुणाकडे, स्वयंपाकाचं सामान पुढे कधी जायचं, सगळं ठरलेलं असतं. तिकडे इंग्लंडात बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर मुलांचं शिबिर भरवलं, तेव्हा त्यांनीही मुलांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येकीला एक नायक नेमला होता. तत्त्व एकच. ज्याच्यावर काम सोपवलं, तो आपोआप जबाबदार होतो.

आम्ही तीन तुकड्या केल्या. पाण्याची, जेवणाची आणि वाट-औषधांची. जेवणाच्या तुकडीत मुद्दाम तीन मुलगे नि एकच मुलगी ठेवली, बरं का!

पहिल्या रविवारी कालव्याकाठी आठ किलोमीटर चाललो. सॅकेत दगड नाही, तर खरं सामान. सॅकेचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला दहा किलो म्हणजे जास्तीत जास्त झालं. घरी येताच सगळ्यांच्या सॅका रिकाम्या करायला लावल्या. उशी काय, डिओची बाटली काय, तीन-तीन जीन्स काय! आणि नवे बूट घालून आलेल्यांच्या टाचांना फोड. ते बूट रोज घरात, बाजारात घालून मऊ करा, असं बजावलं. हे दुखणं डोंगरात निघालं असतं तर काय झालं असतं?

दुसऱ्या रविवारी पहाटे चारला उठून भिगवणजवळ कुंभारगावला गेलो. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ना, तिथे. अंधारात सामान बांधणं, काठावर बसून शांत राहणं आणि एकही कागद मागे न टाकणं, हा त्या दिवसाचा धडा. नाश्ता पोरांनीच केला. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून युक्ती सांगते. दोघांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, मीठ, जिरं, सगळं घरीच मोजून एकेका पिशवीत बांधायचं. तिथे फक्त पाणी नि चमचाभर तूप. शिवाय दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. उन्हाने कुणी गळाठलंच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यायचं.

तिसरा रविवार नीरा नरसिंगपूरचा. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा जिथे मिळतात, तिथलं लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ तुम्हाला माहीत असेल. दर्शन होईल म्हणून नकार देणाऱ्यांपैकी दोघी वहिनीही बरोबर निघाल्या. अलीकडेच उतरून पूर्ण ओझ्यानिशी शेतरस्त्याने चालायला लागलो आणि तिथेच फजिती झाली. दणकट मुलगे झपाझप पुढे गेले. एक मुलगी आणि एक जरा जाडा मुलगा मागे पडले. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, फाटा आला आणि दोघं भलत्याच वाटेला लागली. अर्धा तास हाका मारल्या, तेव्हा सापडली. मुलीचं पाणी संपलेलं आणि तोंड उतरलेलं.

तिची आई बरोबरच होती. मला वाटलं, संपलं आता! पण घाटावर बसल्यावर वहिनी शांतपणे पोरांना म्हणाल्या, "इथे चुकलात ते बरं झालं. डोंगरात हेच झालं तर काय कराल, ते आधी सांगा." पोरांनी तिथेच नियम लिहिले. सगळ्यात सावकाश चालणारा सर्वांत पुढे. शेवटी एक जाणता, त्याच्या मागे कुणीच नाही. प्रत्येक फाट्याला थांबून मोजणी. प्रत्येकी तीन लिटर पाणी. अंधारात चालायचं नाही. मुक्काम पायथ्याच्या गावात, आधी विचारून ठरवलेला. आणि गावाचं नाव, गाडीची वेळ, सर्वांचे फोन नंबर लिहिलेला कागद प्रत्येक घरी, कारण डोंगरात मोबाइल लागेलच असं नाही.

त्या दोघींनी होकार दिला. तिसऱ्या घरचा नकार मात्र बदलला नाही. ती मुलगी खूप रडली. पण तिने तयारी सोडली नाही. घरी राहून सगळ्यांची यादी सांभाळायची आणि ठरल्या वेळी निरोप आला नाही तर काय करायचं, हे काम तिने मागून घेतलं.

डिसेंबरात तेरा जण गेले आणि तेरा जण हातीपायी धड परत आले. राजगडावरून त्यांना भाटघर धरणाचं पाणी दिसलं. तेच पाणी नीरेत येतं, वीरहून डाव्या कालव्याने आपल्या बारामती-इंदापुराकडे वळतं आणि नदीत उरलेलं नरसिंगपूरला भीमेला मिळतं. ज्या कालव्याकाठी तालीम केली, त्याचं पाणी येतं कुठून, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी पोरांनी पहिला फोन घरी थांबलेल्या त्या मुलीला केला. तिने यादी घेऊन तेरा घरांना कळवलं. शेजारी तिची आई उभी होती. शेवटचा फोन ठेवल्यावर आई म्हणाली म्हणे, "पुढच्या खेपेला तुझ्या त्या तयारीला मीपण येते."

तेव्हा, मैत्रिणींनो, पोरांनी ट्रेकचं नाव काढलं की लगेच 'नाही' म्हणू नका, नि लगेच 'हो'ही म्हणू नका. "तयारी दाखवा," एवढंच म्हणा. आणि जमलं तर एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर चालून या.